आतला अर्धा तास

आमच्या पुढच्या खोलीत सोफा नाही. सोफा घेतला असता तर भिंत झाकली गेली असती, आणि भिंत बायकोला मोकळी हवी होती. त्या भिंतीवर चौदा इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या आहेत. सगळ्या जुन्या, सगळ्या डावखुऱ्या. पंधरावा हूक रिकामा आहे. तो मी हिरव्या गिटारीसाठी ठोकला होता. हिरवी मिळाली नाही आणि बायको गेली. गेल्या वर्षीची गोष्ट.

मला स्वतःला गिटारीतलं काही येत नाही. माझं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, फोटोच्या फ्रेमा, आरसे. पण तीसपस्तीस वर्षं डावखुऱ्या बाईबरोबर संसार केला की आपोआप काही गोष्टी समजायला लागतात. जेवायला ती कायम माझ्या डाव्या हाताला बसायची, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. पाहुणे आले आणि बसायची उलटापालट झाली की आमची जेवताना मारामारी व्हायची. ती पुरुषांचे कोट शिवायची. तिची कात्री वेगळी होती. त्या कात्रीने माझ्याच्याने साधं वर्तमानपत्र कापलं जायचं नाही.

गिटारीचंही तसंच. एका हाताने तारा दाबायच्या, दुसऱ्याने छेडायच्या. डावखुऱ्या माणसाला हात उलटे लागतात, म्हणजे सगळी गिटारच उलटी लागते. बोटं पुढे पोचावीत म्हणून अंगाला खालून ठेवलेली खाच, आवाजाचे नॉब, केबलचं भोक, सगळं पलीकडच्या बाजूला. जुन्या काळी कारखानदार अशा गिटारी करायला कुरकुरायचे. कोणी हट्टाने मागितली तरच करायचे. त्यातल्या कितीतरी पुढे लोकांनी मोडल्या, भोकं बुजवून सरळ करून घेतल्या, नाहीतर बिघडलेली म्हणून माळ्यावर टाकल्या. म्हणून जुनी डावखुरी मिळणं कठीण.

बायको सतरा-अठरा वर्षांची असताना एका शिंप्याकडे काम शिकत होती आणि संध्याकाळी गिटार. गिटारीच्या मास्तरांनी सांगितलं, उजव्या हाताने वाजव, नाहीतर येऊ नकोस. शिंप्याच्या दुकानात भिंतीवर एका बँडचं पोस्टर होतं. मधोमध कोट घातलेला एक तरुण, गळ्यात हिरवी गिटार, आणि गिटार डावखुरी. ते बघून तिने मास्तरांना सोडलं. एक माणूस असा वाजवतो, म्हणजे असं वाजवता येतं, एवढं तिला पुरलं. मग एक जुनी साधी गिटार घेतली, तारा न बदलता तशीच उलटी धरली, आणि स्वतःची स्वतः शिकली. नॉब कोपराला टोचायचे. ती खूण तिच्या हातावर शेवटपर्यंत होती.

लग्न होऊन आली तेव्हा दोन बॅगा आणि गुंडाळलेलं ते पोस्टर घेऊन आली. शिंप्याकडून मागून घेतलं होतं. मी त्याला फ्रेम करून दिली. तिच्यासाठी केलेलं ते माझं पहिलं काम. चांगली पातळ काच लावली, मागे जाड पुठ्ठा. भिंतीवर लावून झाल्यावर मी विचारलं, “तुला काय हवंय सांग. दागिना, साडी, काहीही.”

तिने पोस्टरच्या काचेवर बोट ठेवलं. “ही.”

दुसऱ्या दिवशी मी विचारायला सुरुवात केली.

अशी आमची सुरुवात. हिरवी शोधता शोधता दुसऱ्या मिळत गेल्या. काळी मिळाली, लाल मिळाली, एक सोनेरी मिळाली ती तर एका कोंबडीवाल्याच्या खुराड्यावर झाकण म्हणून होती. बायकोची शोधायची एक पद्धत होती. दुकानात फोन करून ती कधीही डावखुरी गिटार आहे का असं विचारायची नाही. असं विचारलं की समोरचा सावध होतो. ती विचारायची, “तुमच्याकडे एखादी चुकलेली गिटार पडलीय का हो? बघितल्यावर काहीतरी चमत्कारिक वाटतं अशी?” आणि दुकानदार खुशीत येऊन म्हणायचा, आहे की, न्या एकदाची.

मग मी टेम्पो काढायचा. काचा न्यायला टेम्पोच्या मागे उभी चौकट केलेली होती, तिच्यात घोंगडीत गुंडाळलेली गिटार अगदी बरोबर बसायची. जायचो दोघं, पण आत ती एकटी जायची. मी बाहेर टेम्पोत. तो तिचा नियम होता.

“मी आलो तर काय बिघडलं?” मी एकदा विचारलं.

“तुमचा चेहरा बिघडतो. गिटार दिसली की असे खुलता, जसं काही नातू झालाय. दुकानदार बघतो ना. लगेच भाव वाढवतो.”

“आणि तुझा चेहरा?”

“माझा चेहरा गिऱ्हाइकाचा कोट बिघडला तरी हलत नाही.”

खरं होतं ते. म्हणून मी टेम्पोत बसायचो, शेंगदाणे खायचो, आरशातून दुकानाच्या दाराकडे बघायचो. ती हात हलवत बाहेर आली की काही नाही. हात मागे बांधून आली की गिटार मिळाली. मग मी घोंगडी काढायचो.

संध्याकाळी ती एखादी गिटार उतरवून वाजवायची. बऱ्याचदा अँप्लिफायर न लावता. तारांचा नुसता किणकिण आवाज यायचा, शेजारच्या खोलीत कोणीतरी चमचे मोजतंय तसा. आता तो आवाज नाही. मी रोज गिटारींवरून फडकं फिरवतो. फडकं तारेला लागलं की एक बारीक आवाज होतो. मग मी थोडा वेळ थांबतो.

महिन्याभरापूर्वी मुलगी आली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, आठवड्यातून एकदा येते, येताना भाजी आणते आणि माझा फ्रिज उघडून आधी वास घेते.

“बाबा, त्या शाळेतल्या बाईंचा परत फोन आला होता.”

“कोणत्या?”

“कोणत्या काय कोणत्या! संगीतशाळेच्या. त्यांच्याकडे डावखुरी मुलं आहेत. उलट्या गिटारी धरून शिकतायत बिचारी. या गिटारी द्यायचा शब्द आईने स्वतः दिला होता त्यांना.”

“दिला होता. कधी ते नव्हतं सांगितलं.”

“तारा गंजायला लागल्यात. तुम्ही नुसतं फडकं मारता. गिटार वाजवली नाही तर मरते, असं आईच म्हणायची.”

मी म्हटलं, “हिरवी मिळू दे. भिंत पुरी होऊ दे. मग एका दिवसात सगळं घेऊन जा, मी बोट लावणार नाही.”

“आणि नाही मिळाली तर?”

“मिळेल. तुझी आई काय उगाच शोधत होती?”

मुलीने फ्रिज बंद केला. “आई मिळेल असं कधी म्हणायची नाही, बाबा. आई नेहमी ‘बघू’ म्हणायची.”

ती गेल्यावर मी पोस्टरसमोर बसलो. मला ती हिरवी हवीच होती. लोकांना वाटत असेल म्हातारा हट्टाला पेटलाय. पण बायकोने माझ्याकडे मागितलेली ती एकच वस्तू. दागिना मागितला असता तर दुसऱ्या दिवशी आणून दिला असता आणि विसरलो असतो. हे राहिलं होतं. ते झाल्याशिवाय भिंत रिकामी कशी करू?

धागा एकच उरला होता. पोस्टरमधला तो माणूस. चारेक वर्षांपूर्वी एका जुन्या ढोलताशेवाल्याने, म्हणजे बँडला ड्रम विकणाऱ्याने, मला त्याचा पत्ता दिला होता. माणूस जिवंत होता, ऐंशीच्या घरात होता. मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती उडी मारेल. ती शिवणयंत्रावर बसली होती. तिने पाय थांबवला आणि म्हणाली, “खरंच सापडला?”

त्याच्याकडे गेलो त्या दिवशी टेम्पोत ती एक शब्द बोलली नव्हती. मी दोनदा विचारलं, पोटात दुखतंय का. नाही म्हणाली. पत्ता एका अरुंद गल्लीतला होता. मी सायकलच्या दुकानासमोर टेम्पो लावला, ती उतरली, माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही बाहेरच बसा हं. काही झालं तरी.” मी म्हटलं बसतो, नवीन काय आहे त्यात. अर्ध्या तासाने ती हात हलवत बाहेर आली. डोळे लाल होते आणि हसत होती. मला वाटलं निराशेने असं झालं असेल.

“विकली म्हणे त्यांनी. कोणाला ते आठवत नाही. म्हातारे झालेत.”

“थांब, मी विचारून बघतो.”

तिने माझी बाही धरली. “नको. उगाच त्रास कशाला. चला, मला भूक लागलीय.” आणि त्या दिवशी ती एवढी जेवली की मला बरं वाटलं.

आता मी ठरवलं, परत जायचं. इतकी वर्षं गेली, पण म्हाताऱ्या माणसाला कधी कधी जुनं अचानक आठवतं. मलाच आठवतं.

गल्ली तीच होती. सायकलच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. तळमजल्यावरचं घर, दार उघडं. एक पन्नाशीची बाई उंबऱ्याजवळ सतरंजीवर बसून कपड्यांच्या ढिगाला किमतीचे बिल्ले टोचत होती. मी कशाला आलोय ते सांगितलं. तिने बिल्ल्याचं यंत्र बाजूला ठेवलं आणि आत आवाज दिला, “पप्पा, गिटारीबद्दल विचारायला आलेत कोणीतरी.”

“विकली,” आतून ताबडतोब आवाज आला. “कोणाला ते आठवत नाही. म्हातारा झालोय.”

मी आत गेलो. खोली लहान, एक पलंग, एक पत्र्याची खुर्ची, खिडकीत औषधांचे डबे. पलंगावर पोस्टरमधला माणूस बसला होता. केस गेले होते, पण कपाळ आणि हनुवटी तीच. मी पस्तीस वर्षं रोज पाहिलेली हनुवटी. आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, हिरवी गिटार टांगलेली होती.

पोस्टरवरचा हिरवा उडून फिका झालाय. हा खरा हिरवा जुन्या जाड बाटलीच्या काचेसारखा होता, आतून उजेड आल्यासारखा.

“विकली,” ते परत म्हणाले. पाठ केलेला धडा म्हणावा तसे.

“तुमच्या डोक्यावर आहे,” मी म्हटलं.

त्यांनी कष्टाने मान वळवून वर बघितलं. “अरेच्चा.”

“पप्पा, काय हे!” ती बाई दारातून हसली. त्यांची सून होती ती.

“ही नव्हे,” ते म्हणाले. “ती दुसरी होती.”

मी जवळ गेलो. हात लावायच्या आधी नीट बघायचं, ही बायकोची शिकवण. आमच्या भिंतीवरच्या गिटारींचे नॉब समोरून बघताना डावीकडे आहेत. हिचे उजवीकडे होते. खाच उजवीकडे. जाड तार डावीकडे. भोक बुजवल्याची खूण कुठेही नाही, पहिल्यापासून अशीच केलेली.

“ही उजव्या हाताची आहे,” मी म्हटलं.

“हो मग? मी उजव्याच हाताने वाजवतो.”

“नाही. तुम्ही डावखुरे आहात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. “मी डावखुरा आहे का गं?”

“नाही पप्पा.”

“बघा. घरच्यांना माहीत असतं.”

मी खुर्चीवर बसलो. पोस्टरचं सांगितलं. कोट, स्टेज, मागचा पडदा, गळ्यातली गिटार, डावा हात तारांवर. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलायला लागला.

“ते पोस्टर! अहो, ते उलटं छापलं गेलं होतं. छापखानेवाल्याने फोटोची फिल्म उलटी ठेवली. अक्षरं वेगळी जुळवलेली, ती सरळ आली, आणि मी उलटा. आमचा ड्रमवाला महिनाभर मला आरसा म्हणून हाक मारत होता. परत छापणार कोण? लावली तशीच.”

मी आयुष्यभर आरसे कापले. माणूस आरशात कसा दिसतो ते मला झोपेत विचारलं तरी सांगेन. ते पोस्टर मी माझ्या हाताने काचेखाली घातलं, रोज पुसलं, आणि मला कळलं नाही. गिटारीवर नाव असतं तर कळलं असतं. विकणाऱ्याने फोटो पाठवला की बायको आधी गिटारीच्या डोक्यावरची अक्षरं बघायची, अक्षरं उलटी तर फोटो उलटा. पण ही गिटार कुठल्यातरी छोट्या कारागिराने केलेली, डोकं कोरं.

म्हणजे जी मी शोधत होतो ती गिटार कधी नव्हतीच.

“थांबा,” ते एकदम म्हणाले. हात वर केला. “हे मी कोणाला तरी सांगायचं नव्हतं. एका बाईंनी शपथ घातली होती. त्यांच्या नवऱ्याला सांगायचं नव्हतं.” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “तुम्ही त्यांचे मिस्टर तर नाही ना?”

“आहे.”

“मग मी काही बोललो नाही.”

सून हसायला लागली होती, पण माझ्याकडे बघून थांबली.

“ती गेली,” मी म्हटलं. “गेल्या वर्षी. आता सांगितलंत तर चालेल.”

ते हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघत राहिले. बोटं वाकडी झाली होती, गाठी आल्या होत्या. मग म्हणाले, “हसरी होती हो बाई. आत आली ती हात जोडूनच. काका, म्हणाली, तुम्ही उजव्या हाताने वाजवता ना? मी म्हटलं हो. तर म्हणाली, मला माहीत आहे. कोटावरून कळलं.”

“कोटावरून?”

“बटणं. म्हणाली, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. पोस्टरमध्ये उजवी बाजू वर आहे. मी म्हटलं, बाई, हे माझ्या बायकोलाही कधी दिसलं नाही. तर म्हणाली, मी कोट शिवते. शिकायला लागल्यावर वर्षभरात दिसलं.”

शिकायला लागल्यावर वर्षभरात. म्हणजे आमच्या लग्नाआधी. फ्रेमच्या काचेवर बोट ठेवलं त्याच्याही आधी.

“मग तिने मला का नाही सांगितलं?”

“मी पण तेच विचारलं. म्हणाली, काका, लग्नाला आठवडा झाला नव्हता. माणूस कसा आहे कळत नव्हतं. काय हवं म्हणून विचारलं, तर जगात नाही तेच मागून बघावं म्हटलं. बघू काय करतो. तर हा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाला!” ते हसले, खोकले, परत हसले. “डबा घेऊन, म्हणाली. विचारायला. मग कसं सांगायचं?”

डबा घेतला होता मी. खरं आहे.

“नंतर तरी सांगायचं.”

“नंतर काय म्हणाली बरं…” त्यांनी डोळे मिटले. “हां. म्हणाली, आधी चेष्टा होती म्हणून नाही सांगितलं. मग तो एवढा लांब लांब जायला लागला की सांगवेना. मग दुसऱ्या गिटारी मिळायला लागल्या, म्हणजे नुकसान तर काही नव्हतं. आणि आता, म्हणाली, आता त्यांनी दुकान बंद केलंय. सांगितलं तर घरी बसतील आणि मी भाजी कशी चिरते ते बघत बसतील. शोधू दे त्यांना. तुम्ही फक्त विकली म्हणून सांगा. माझ्याकडून पाठ करून घेतलं तिने ते वाक्य. दोनदा.”

मला राग यायला हवा होता. मी थोडा वेळ वाट बघितली, पण तो आला नाही. मला तिचा आवाज ऐकू आला. ‘भाजी कशी चिरते ते बघत बसतील’. हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. हे तिचंच होतं, आणि माझ्यासाठी नवीन होतं.

हे कसं सांगू. माणूस गेल्यावर आपल्याजवळ जे असतं तेवढंच. मी वर्षभर तेच तेच काढून बघत होतो. आता सगळं पाठ झालं होतं. कुठल्या प्रसंगात ती काय म्हणाली, त्यावर मी काय म्हणालो, हातात काय होतं. काही वेळा तर मला भीती वाटायची की वापरून वापरून ते झिजतंय. यात आता कशाची भर पडणार नाही, हे मी धरून चाललो होतो. आणि इथे, या खोलीत, तिचा अर्धा तास शिल्लक होता. मी बाहेर शेंगदाणे खात बसलो होतो तो अर्धा तास.

“ती कुठे बसली होती?” मी विचारलं.

“तुम्ही बसलात तिथेच. खुर्ची एकच आहे आमच्याकडे.”

माझा फोन वाजला. मुलगी होती. सकाळीच तिला सांगितलं होतं कुठे चाललोय ते.

“बाबा, मिळाली?”

“नाही. नव्हतीच ती.”

“नव्हतीच म्हणजे?”

“घरी आल्यावर सांगतो. मोठी गोष्ट आहे. तू हसशील.” मग मी म्हटलं, “त्या शाळेच्या बाईंना फोन कर. म्हणावं गाडी घेऊन या. सगळ्या न्या.”

ती अगदी हळू म्हणाली, “बाबा, तुम्ही बरे आहात ना?”

“बरा आहे. कामात आहे जरा. ठेव.”

फोन खिशात टाकला. सुनेने चहा आणला होता. गिटारवाल्यांनी कप दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि त्यांना काहीतरी आठवलं.

“तिलाही चहा दिला होता मी. घरी कोणी नव्हतं, मीच केला. दोन चमचे साखर.”

डॉक्टरांनी तिची साखर कधीच बंद केली होती. घरी ती बिनसाखरेचा चहा प्यायची आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायची. मी सुनेकडे बघितलं. “मी तेव्हा कामावर होते,” ती म्हणाली.

“दोन चमचे मागितले तिने?”

“मागितले म्हणजे! परत तिसरा मागितला.”

हे होऊ शकतं. मला वाटतं हे अगदी होऊ शकतं. मी बाहेर होतो, मुलगी घरी होती, बघणारं कोणी नव्हतं. मागितला असेल तिसरा.

“मग?”

“मग गिटार मागितली. मी काढून दिली. तिने धरली की उलटी! आणि वाजवली हो. जाड तार खाली, बारीक वर, तशीच वाजवली. मी इतकी वर्षं स्टेजवर काढली, असं कोणी वाजवताना बघितलं नव्हतं.”

हेही खरं असणार. तशीच तर शिकली होती. मला तिचं कोपर दिसलं, नॉबवर टेकलेलं.

“काय वाजवलं?”

“ते नाही आठवत. पण गायली सुद्धा.”

मी कप खाली ठेवला. बायको कधी गात नसे. मुलगी लहान असताना तिला झोपवायला सुद्धा ती नुसती गिटार वाजवायची, गायचं काम माझं, आणि माझ्या आवाजाने पोर हमखास जागी व्हायची. तिला गाता येतं का, हेच मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नाही.

“आवाज कसा होता?”

“चांगला होता. जरा खालचा. लाजत लाजत गायली, पण सूर पक्का.” ते खिडकीकडे बघत बोलत होते. “मग निघाली. आणि खुर्चीवर शाल विसरली. लाल शाल.”

लाल शाल आमच्याकडे कधी नव्हती. तिला लाल रंग आवडत नसे. आणि त्या दिवशी उकाडा एवढा होता की मी टेम्पोची दोन्ही दारं उघडी टाकून बसलो होतो. दारातून सुनेने मला हाताने खूण केली. मग जवळ येऊन कप उचलायच्या निमित्ताने हळूच म्हणाली, “पप्पांचं असं होतं. एकात दुसरं मिसळतं. सासूबाईंची होती ती लाल शाल.”

मी मान हलवली. मला कळलं होतं. गाण्याचंही कदाचित तसंच असेल, आणि साखरेचंही. कुठपर्यंत माझी बायको होती आणि कुठून त्यांची सुरू झाली ते आता कोणी सांगू शकणार नव्हतं. उठायला हरकत नव्हती. टेम्पो दुकानासमोर लावला होता, कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

गिटारवाले माझ्याकडे बघत होते. कोणीतरी ऐकतंय म्हणून त्यांच्या तोंडावर तेज आलं होतं. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“मग शाल घ्यायला ती परत आली का?” मी विचारलं.

“आली ना,” ते म्हणाले. “आली, आणि परत बसली.”